दोन बोटं आत

माझ्या कवितेला कुणी चांगलं म्हटलं की मला आधी म्हणणाऱ्याचा संशय येतो. त्याला माझ्याकडून काहीतरी हवं असेल, किंवा त्याने कविता वाचलीच नसेल, किंवा त्याला माझी दया आली असेल. याहून वेगळं कारण मला कधी सुचलेलं नाही.

'चार ओळी' हा आमचा ऑनलाइन ग्रुप हौशी कवींचा आहे. कुणी निवृत्त, कुणी दुकानदार, कुणी नर्स, आणि प्रत्येकाचं एक टोपणनाव. कविता टाकली की खाली प्रतिक्रिया येतात: वाह, अप्रतिम, निःशब्द. जे निःशब्द होतात तेच पुढे सगळ्यांत जास्त बोलतात. आमचे संयोजक पूर्वी विमा कंपनीत होते. ते प्रत्येक कवितेला "क्या बात!" लिहितात. एकदा कुणीतरी चुकून ग्रुपवर 'नळ दुरुस्त करणाऱ्याचा नंबर आहे का' असं विचारलं, त्यालाही त्यांनी "क्या बात!" लिहिलं होतं.

माझं टोपणनाव 'समास'. मी आयुष्यभर एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. म्हणजे दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका शोधायच्या आणि पानाच्या कडेच्या कोऱ्या जागेत, समासात, त्यांची दुरुस्ती लिहायची. पानाच्या मधल्या भागाशी माझा संबंध यायचा तो तेवढाच. त्यामुळे स्वतःच्या ओळी मधोमध टाकताना अजूनही कुणाच्या तरी खुर्चीत बसल्यासारखं वाटतं.

मी टाकलेली एक छोटी कविता अशी होती:

समोरच्या घराला आता कुलूप आहे
तरी मी रोज पडदा थोडा सरकवून ठेवतो
माझ्या एकटेपणाने कुणी नसलेल्याला उगाच
उजेड कमी पडू नये म्हणून

खाली नेहमीचे वाह आणि निःशब्द आले. मग 'उंबरठा' यांची प्रतिक्रिया आली. उंबरठा या आमच्या ग्रुपवरच्या सगळ्यांत चांगल्या कवयित्री. त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं: "तिसरी ओळ सैल आहे. दोन बोटं आत घ्या. बाकी अंगाला खुप छान बसलीय. छापायला द्या."

मी ती प्रतिक्रिया किती वेळा वाचली ते सांगत नाही. दोन बोटं हे काय प्रकरण आहे ते मला कळलं नाही. मोठ्या कवयित्रीची काहीतरी प्रतिमा असेल असं समजून मी गप्प बसलो. पण 'छापायला द्या' हे शब्द डोक्यातून जाईनात. कारण त्याच सुमारास संयोजकांनी ग्रुपचा छापील संग्रह काढायचं ठरवलं होतं. मी कविता द्यायची नाही असं पक्कं केलं होतं, आणि आता देण्याचा मोह होऊ लागला होता. द्यायची की नाही हे एकाच गोष्टीवर अवलंबून होतं: उंबरठा यांना ती खरोखर आवडली होती का.

पहिला संशय मी मुलीवर घेतला. ती रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते आणि मला या ग्रुपमध्ये ढकललं तिनेच.

"बाबा, मी? मला दुसरी कामं नाहीत?" ती म्हणाली.

"टोपणनावाने कुणीही लिहू शकतं."

"मग नमुना तपासा की. तुमचं कामच ते."

मी तपासला. उंबरठा 'खूप'मधला ऊकार ऱ्हस्व काढत होत्या. माझी मुलगी माझ्या हाताखाली वाढली आहे. ती तापात बरळली तरी दीर्घच बरळेल. ती सुटली.

"आता समाधान झालं?" तिने विचारलं.

"तुझ्याबद्दल झालं."

"म्हणजे बाईंबद्दल नाही! अहो बाबा, एखाद्याला खरंच आवडली असेल. असं होतं जगात."

होत असेल. पण मग संयोजकांनी संग्रहाचे छापून काढलेले कागद तपासण्यासाठी माझ्याकडे पाठवले. बाकीच्यांची एकेक कविता होती, उंबरठा यांच्या बऱ्याच होत्या. ग्रुपवर त्या एकेक करून वाचताना मला काही जाणवलं नव्हतं. एकत्र वाचताना माझं पेन अडखळू लागलं.

एका कवितेत होतं, 'भिंतीवर वेळ चढत गेली'. ग्रुपवर या ओळीचं फार कौतुक झालं होतं. भिंतीवर चढणारी वेळ, काय कल्पना आहे, वगैरे. दुसऱ्या एका कवितेत होतं, 'पाण्यालाही गाठ असतो'. गाठ असतो? यावर कुणीतरी लिहिलं होतं, की कवीला व्याकरणाचं स्वातंत्र्य हवं. मला ते स्वातंत्र्य वाटेना. तिथे मूळ शब्द 'काठ' होता, हे उघड होतं. आणि भिंतीवर वेळ नव्हे, वेल चढत होती.

छापखान्यात आम्ही दोघं मिळून तपासायचो. एक जण मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, दुसरा छापलेल्या पानावर नजर ठेवायचा. त्यामुळे डोळ्याची चूक वेगळी आणि कानाची वेगळी, हे मला चांगलं माहीत आहे. बघून उतरवणारा 'ध'चा 'घ' करतो. ऐकून लिहिणारा 'काठ'ची 'गाठ' करतो. आणि कान चुकला की फक्त तो शब्द बदलतो. त्याचं क्रियापद जुन्या शब्दाशी इमान राखून तसंच राहतं. म्हणून 'गाठ असतो'.

म्हणजे या कविता कुणीतरी सांगत होतं आणि दुसरंच कुणीतरी ऐकून टाइप करत होतं. मी घाईघाईने उंबरठा यांच्या प्रतिक्रिया काढून पाहिल्या. इतक्या जणांना लिहिलेल्या इतक्या प्रतिक्रिया, पण त्यांत कानाची एकही चूक नाही. 'खुप' मात्र दोन्हीकडे. हात एकच, पण कविता ऐकून लिहिलेल्या आणि प्रतिक्रिया मनाने लिहिलेल्या.

मी पेन खाली ठेवलं. माझ्या कवितेची प्रशंसा कवयित्रीने केलीच नव्हती. तिने वाहवा करायला माणूस ठेवला होता.

संयोजकांना फोन केला. "त्या कुणाला भेटत नाहीत हो," ते म्हणाले. "फोनसुद्धा दुसऱ्याच बाई उचलतात. मग बऱ्याच वेळाने या येतात. मागे खरखर कसलीतरी. मला तर वाटतं, काहीतरी आहे."

"काय?"

"ते मला कसं माहीत असणार! पण तुम्ही शोधून काढा. क्या बात!"

शंकास्पद शब्द विचारून घ्यायचे आहेत असं निमित्त काढून मी पत्ता घेतला. माझ्यासारख्या माणसाला निमित्त असल्याशिवाय कुणाचं दार वाजवता येत नाही.

पत्त्यावर दार नव्हतंच. औषधाच्या दुकानाशेजारी एक अरुंद गाळा होता, वर पाटी: 'शिलाई आणि दुरुस्ती'. आत शाळेचे गणवेश टांगलेले, एका कोपऱ्यात पडद्यांच्या कापडाचे गठ्ठे, आणि शिलाई मशीनवर एक बाई. गळ्यात मापाची टेप, ओठांत टाचण्या.

"पँट असेल तर परवा," टाचण्या न काढता त्या म्हणाल्या.

"पँट नाही. मी... ग्रुपवरचा. समास."

मशीन थांबली. त्यांनी टाचण्या एकेक करून ओठांतून काढल्या आणि कापसाच्या छोट्या गादीत खोचल्या. त्या खोचेपर्यंत त्यांना काहीतरी ठरवायला वेळ हवा होता, असं मला वाटलं.

"ताई आत आहेत," त्या म्हणाल्या. "मोठ्या जाऊबाई माझ्या. या."

आतल्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत एक वयस्कर बाई ताठ बसल्या होत्या. पूर्वी शाळेत शिक्षिका असाव्यात हे त्यांनी सांगायच्या आधीच कळलं. मी पाठीचं पोक सरळ केलं.

"बसा. मी तुमच्याकडे बघत नाहीये असं वाटेल, पण बघतेय. माझ्या नजरेचा मधला भाग गेलाय. कडेचं तेवढं दिसतं. नाव काय म्हणालात?"

"समास."

"मग तुम्ही दिसाल," त्या म्हणाल्या आणि स्वतःच्या विनोदावर खूश होऊन हसल्या. "अगं, चहा टाक! आणि मशीन बंद ठेव जरा."

"गिऱ्हाईक यायचंय ताई, एवढी शिलाई मारू दे," बाहेरून उत्तर आलं आणि खरखर सुरू झाली.

मी कागद काढले. "तुमच्या एका कवितेत, भिंतीवर वेळ चढत गेली..."

"वेल! वेळ कशी चढेल भिंतीवर? पाल आहे का ती?" त्यांनी बाहेर आवाज दिला. "अगं ए, वेलीची वेळ केलीस तू!"

"मशीन चालू होती!"

"कधी बंद असते? आणखी काय आहे?"

"पाण्यालाही गाठ असतो."

"अरे देवा. काठ, काठ."

"त्यावर संयोजकांनी क्या बात लिहिलं होतं," बाहेरून आवाज आला.

"ते नळावरपण लिहितात," ताई म्हणाल्या.

म्हणजे माझा तर्क बरोबर होता. थोरली जाऊ सांगत होती, धाकटी मशीन चालवता चालवता ऐकून लिहीत होती. एवढ्यावर उठायला हरकत नव्हती. पण मी ज्यासाठी आलो होतो ते विचारायचं राहिलं होतं. मी कागदाच्या कडा जुळवत म्हणालो, "तुम्ही माझ्या एका कवितेबद्दल लिहिलं होतं. पडदा, समोरचं घर..."

"मी? नाही आठवत बाई. ग्रुपवरचं सगळं हीच बघते. मला कधी वाचून दाखवते, कधी नाही. मी तिला सांगून ठेवलंय, सगळ्यांना दोन शब्द बरे लिहीत जा. लोक बिचारे आशेने टाकतात."

बिचारे. मी मान हलवली, ती त्यांना दिसली की नाही कुणास ठाऊक. संशय खरा ठरला की माणसाला निदान बरोबर असल्याचं समाधान मिळावं. तेही मिळालं नाही. कविता द्यायची नाही, हे त्याच क्षणी ठरलं.

एकदम उठलो तर बरं दिसणार नाही म्हणून मी म्हणालो, "आणखी एक वाचून घेऊ. यात शंका काही नाही. तुम्ही म्हणा, मी पानावर बघतो."

ही कविता मला त्यांच्या सगळ्या कवितांत जास्त आवडायची. पानावर होतं:

किती घट्ट धरून ठेवली
तरी शिवण उसवत गेली
हाताला धागाही लागला नाही

ताईंनी खिडकीकडे तोंड करून, वर्गात म्हणावी तशी स्पष्ट म्हटली:

"किती घट्ट धरून ठेवलं, तरी जीवन उसवत गेलं, हाताला धागाही लागला नाही."

बाहेर मशीन थांबली.

मी पानाकडे पाहिलं. जीवन आणि शिवण. मशीनच्या खरखरीत कान इतका चुकू शकतो. पण कान चुकला असता तर पानावर 'शिवण उसवत गेलं' असतं. इथे 'गेलं'चं 'गेली' झालं होतं. वरच्या ओळीत 'ठेवलं'चं 'ठेवली' झालं होतं. कानाला हे जमत नाही. हे कुणीतरी बसून केलं होतं.

जीवन उसवत गेलं, ही ओळ आमच्या ग्रुपवर कुणीही लिहिली असती. मीसुद्धा.

बाहेर कुणीतरी आलं. "अहो, ही बाही एकीकडे लांब, एकीकडे आखूड झालीय," एक पुरुषाचा आवाज तक्रार करत होता, आणि धाकट्या जाऊबाई त्याला सांगत होत्या, "बाही सारखीच आहे. तुम्ही खांदा पाडून उभे राहता. सरळ राहा बघू."

ताई पुढे वाकल्या. "तुमचं पेन थांबलं," त्या हळूच म्हणाल्या. "नजर गेलीय, कान नाही गेले. वर्गात कुणाचं पेन कुठे अडलं ते मला पाठमोरी असतानाही कळायचं."

मी पेनाला टोपण लावलं.

"संयोजकांनी फोनवर मला माझी कविता म्हणून दाखवली होती," त्या म्हणाल्या. "शिवण, शिवण करत होते. मी म्हटलं, हो, माझीच. मग रात्रभर तळमळले. सकाळी वाटलं, बरी आहे की. माझ्या जीवनापेक्षा बरी आहे."

"मग जाऊबाईंना का सांगत नाही?"

"सांगितलं की ती विचार करून चुकायला लागेल. आत्ता मशीन मारता मारता चुकते, ते चाललंय ते चालू दे. तुम्ही शिवणच छापा. पण मी तुम्हाला जीवन सांगितलं आणि तुमच्या काही लक्षात आलं नाही, असं तिला वाटू दे."

"आणि नाव उंबरठा..."

"ते नावसुद्धा तिनेच ठेवलंय. मी क्षितिज म्हणत होते."

त्यांना हे खरंच आधीपासून ठाऊक होतं, की मी पकडलं म्हणून ऐनवेळी सुचलं? ही शंका मला आलीच. पण त्या खिडकीकडे बघत, म्हणजे खिडकीच्या कडेकडे बघत, इतक्या समाधानाने हसत होत्या की ती शंका मी तशीच खिशात ठेवली.

चहा काही झाला नाही. निघताना गाळ्यातून जावं लागलं. गिऱ्हाईक गेलं होतं. धाकट्या जाऊबाई एक सदरा उलटा करून शिवण उसवत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "ओळखलंत ना?"

"क्रियापद," मी म्हणालो.

"काय?"

"ताईंचं 'गेलं' होतं. तुम्ही 'गेली' केलंत."

"मग काय, शिवण गेलं म्हणू?" त्यांनी धागा दातांनी तोडला. "ताईंना बोलू नका हं. त्यांना वाटतं मला कवितेतलं ओ की ठो कळत नाही. तेच बरं आहे. कळतं म्हटलं तर शिकवायला बसतील. दुकान बंद करावं लागेल मला."

दोघींनी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवून ठेवली होती, आणि दोन्ही बाजूंनी ती माझ्या हातात दिली होती. मी नुसतं 'बरं' म्हणालो. पाऊल बाहेर पडत होतं, पण ज्यासाठी आलो होतो ते यांना विचारायचं राहिलं होतं.

"ताई म्हणाल्या, तुम्ही सगळ्यांना बरं लिहिता."

"लिहिते की."

"म्हणजे मलाही..."

आता त्यांनी मान वर केली. रागावल्यासारख्या दिसल्या. "तुम्हाला बरं कुठे लिहिलं? सैल आहे म्हटलं होतं!"

बाहेर पडणारं पाऊल मी मागे घेतलं.

"गिऱ्हाईक आरशात बघून खूश असलं तर मी कशाला बोलू? छान दिसतंय म्हणते, ते जातं. पण ज्याला रोज घालायचंय त्याला सांगावं लागतं. तुम्ही काय सगळ्यांना सैल म्हटलेलं बघितलंत का ग्रुपवर?"

नव्हतं बघितलं. मी त्यांच्या सगळ्या प्रतिक्रिया कानाच्या चुका शोधायला वाचल्या होत्या. त्या काय म्हणतायत ते वाचलंच नव्हतं. वाह, सुंदर, खुप आवडली. मापाचं बोलणं फक्त माझ्या कवितेखाली होतं.

"दोन बोटं म्हणजे कुठून?" मी विचारलं.

त्यांनी मांडीवरच्या सदऱ्याची कड दोन बोटांत धरून दुमडली. "माझ्या. एकटेपणाने. हे दोन काढा. माणूस रिकाम्या घरासाठी पडदा सरकवतोय म्हटल्यावर एकटा आहे हे दिसतंच की. वर परत कशाला शिवायचं?"

"'खूप'चा ऊकार दीर्घ असतो," मी म्हणालो. असं का म्हणालो ते मला अजून कळत नाही. आभार मानायचे होते.

"असू दे. माझा आखूड आहे," त्या म्हणाल्या आणि मशीन सुरू केली.

घरी आल्यावर मुलीने विचारलं, "काय निघालं तपासणीत? कोण आहेत बाई?"

"शिक्षिका होत्या," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

"आणि आवडली होती का कविता?"

"सैल आहे म्हणाल्या."

"अरेरे," ती म्हणाली, आणि मग माझ्या तोंडाकडे नीट बघून हसायला लागली.

मी कागद पुढे घेतले. वेळची वेल केली, गाठचा काठ केला. शिवण या शब्दाशी आल्यावर पेन थांबलं. लेखकाचा शब्द अखेरचा, हा आमच्या धंद्याचा नियम. इथे लेखक कोणता, हा प्रश्न होता. छापखान्यात एखादा शब्द चुकीचा वाटला तरी तसाच ठेवायचा असेल, तर त्याच्याखाली टिंबं देतात. मी शिवणखाली टिंबं दिली आणि समासात लिहिलं: आहे तसेच राहू द्या.

मग माझी कविता काढली. दोन शब्द खोडले. मुळात चारच ओळी, त्यातून दोन शब्द गेल्यावर उरणार काय, ही धाकधूक होतीच. पुन्हा लिहून काढली:

समोरच्या घराला आता कुलूप आहे
तरी मी रोज पडदा थोडा सरकवून ठेवतो
कुणी नसलेल्याला उगाच
उजेड कमी पडू नये म्हणून

संग्रहासाठी म्हणून ती, तपासलेल्या कागदांच्या फोटोंसह, संयोजकांना पाठवली. परत मागून घ्यावी असं मनात येईपर्यंत त्यांचं उत्तर आलंसुद्धा, काय ते सांगायला नको. शिवाय खाली लिहिलं होतं: "ते वेळ चढत गेली फार छान होतं हो, तुम्ही उगाच बदललंत."

ग्रुपवरही तीच कविता नव्याने टाकली. वाह आले, निःशब्द आले. बऱ्याच वेळाने, बहुधा गणवेशांचं काम उरकल्यावर, उंबरठा यांची प्रतिक्रिया आली.

"आता बसली."

मी ती प्रतिक्रिया वाचली. संशय घेण्यासारखं तिच्यात काही सापडेना, म्हणून आणखी एकदा वाचली.